फळ्यांना पाणी

सत्त्याऐंशी सालच्या चैत्रात आमची होडी कोपरीच्या खाडीकाठी दुरुस्तीसाठी वर ओढली, तेव्हा तिच्या पुढच्या फळीत बाबांचा अंगठा आत गेला. त्यांनी तो बाहेर काढला, नखात आलेला काळा भुसा पाहिला आणि चड्डीला पुसला.

होडीचा पुढचा अर्धा भाग या फळ्यांनी झाकलेला असतो. कारखान्यात त्याला डेक म्हणतात, आमच्याकडे नुसतं 'फळ्या'. त्यांच्या मागे उघडा खण, मासळी टाकायला. फळ्यांवर उभं राहून बाबा जाळं ओढायचे. फळ्या कुजल्या म्हणून होडी बुडत नाही, पण उभं राहायला जागा राहत नाही, आणि उभं राहता आलं नाही तर जाळं ओढता येत नाही.

सुतार येऊन बघून गेला. साग घालायचा तर जुना घाला, म्हणाला, आत्ताच्या सागाला नुसता सागाचा रंग आहे. जुना कुठे मिळेल, तर जिथे जुन्या होड्या फोडतात तिथे. पण फोडायला काढलेल्या होडीतही अर्धं लाकूड कुजलेलंच निघतं, हे त्यानंच सांगितलं. बाबा चार ठिकाणी फिरून आले. हाताला वास घेऊन आले, लाकूड नाही.

हे सगळं मी पंढरीदादाला सांगितलं. मी तेव्हा केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले होते आणि कल्याणच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून लागले होते. दादा डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला खोली घेऊन राहायचा. तिथल्या एका शेडमध्ये फायबरच्या टाक्या, खुर्च्या, बाथरूमचे दरवाजे बनत, तिथे तो कारागीर होता. दोन वर्षांपूर्वी त्यानं होडीवर यायचं सोडलं, तेव्हा बाबा त्याला म्हणाले होते, "जा, टाक्या बनव." तेव्हापासून तो सणाला यायचा, जेवायचा आणि जायचा. बाबा आणि तो एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत.

या दोन वर्षांत आय वाळली होती. आम्ही तिघं भावंडं. धाकटा कान्हा लहानपणीच तापानं गेला. त्या दिवशी आय त्याला उन्हातून बाजारात घेऊन गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तापाचा आणि उन्हाचा संबंध नाही. तरी ती अजून कधीही, भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, मध्येच म्हणायची, "मी त्येला नेला नसता तर." मग पुन्हा कामाला लागायची. कान्हा गेला त्या दिवसांत तिनं जेवण सोडलं होतं. आजीनं तोंडात घास कोंबून तिला जगवली. आता दुसरा मुलगा जिवंत होता आणि तरी घरात नव्हता.

पुढच्या रविवारी दादा आला तो फायबरचा एक तुकडा घेऊनच. होडीपाशी बाबा आणि धाकूकाका बसले होते. धाकूकाका म्हणजे बाबांचा चुलतभाऊ आणि होडीवरचा जोडीदार. दादानं तुकडा पाण्याच्या बादलीत टाकला, काढला, दगडावर आपटला आणि बाबांच्या पुढ्यात ठेवला.

"पाणी पीत नाही, कीड लागत नाही, सांधे नाहीत. रंगपण आतच मिसळायचा. एकदा लावलं की टेन्शन खल्लास."

"म्हंजे गोमाजी, तुजी होरी नाय, पान्याची टाकी झाली," धाकूकाका म्हणाला. "वर नल पन बसव रं पंढरी."

"बसवतो ना काका. तुला तोंड धुवायला."

बाबा हसले नाहीत. त्यांनी तुकड्यावर अनवाणी पाय ठेवला. "लाकूर पायाला कलतं. वल्लं हाय का सुकं, हालतंय का घट हाय, पाय सांगतो. ह्येच्यावर पाय बहिरा होल." मग माझ्याकडे वळले. "शके, तू शिकलेली हायस. तू बोल. लाकूर का फायबर?"

मला कुणी काही विचारलं की मी खरंच विचार करते, ही माझी सवय. मी म्हणाले, लाकूड पाणी पितं, फुगतं, सुकलं की आकसतं, आणि शेवटी कुजतं. पण ते स्वतःच्या जोरावर उभं असतं. फायबर कुजत नाही. पण दादा म्हणतो तसा पातळ थर लावायचा, तर त्याची ताकद खालच्या लाकडाला तो जेवढा घट्ट धरून बसेल तेवढीच. सुटला, तर नुसती पापडी.

"लगनासारकंच झालं की," धाकूकाका म्हणाला.

"कुजक्या फळ्या काढू," दादा म्हणाला. "मिळेल त्या लाकडाच्या नव्या घालू, आणि वरून फायबर. म्हणजे तुझं लाकूडपण आहे आणि माझं फायबरपण."

बाबांचा पाय अजून तुकड्यावरच होता. तेवढ्यात आय चहा घेऊन आली. ती एवढंच म्हणाली, "पंढरी, किती दिवस लागतील रं कामाला?"

"मला रविवारचीच सुट्टी. चार-पाच रविवार तरी लागतील."

आयनं बाबांकडे पाहिलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग पाय तुकड्यावरून काढून ते म्हणाले, "लाव मंग फायबर."

लाकूड की फायबर, याचा निकाल आमच्याकडे असा लागला. बाबांनी फायबर निवडलं नाही. त्यांनी रविवार निवडले.

ते रविवार फार चांगले गेले. पहिल्या रविवारी दादा आणि बाबा शेजारी बसून कुजक्या फळ्या उपसत होते आणि एकमेकांशी थेट बोलत होते, म्हणजे "पाना दे" आणि "बोट सांबाल" एवढंच, पण थेट. दुसऱ्या रविवारी नव्या फळ्या बसल्या. आय सकाळपासून मासळी साफ करायला बसायची, चिंबोऱ्यांचा रस्सा, बोय तळलेली. दादा म्हणायचा, "आये, मी कामाला आलोय, लग्नाला नाही." ती म्हणायची, "लगनाला कवा येशील त्ये सांग."

फळ्या रंधून झाल्या, तेव्हा दादानं त्यांच्यावर ताडपत्री टाकली. आता पंधरा दिवस लाकूड सुकायला हवं, म्हणाला. बाबांना आणि धाकूकाकाला बजावलं, "कोणी वर चढायचं नाही, जाळं टाकायचं नाही, तेल लावायचं नाही." दोघांनी माना हलवल्या.

आयला कुणी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, हेच कुणाच्या लक्षात आलं नाही.

काठावर ओढलेली होडी उन्हात तापते. फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि मग पाण्यात उतरवली की ती गळते. म्हणून होडी वर असेल तितके दिवस रोज दुपारी तिच्यावर खाडीचं पाणी घालायचं. गोडं नाही, खारंच. गोड्या पाण्यानं लाकूड लवकर कुजतं. हे काम आमच्या घरात सुनेचं. आजीनं लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आयच्या हातात बादली दिली आणि सांगितलं, होरीला पानी पाजायचं, ती पन घरातलीच हाय. तेव्हापासून प्रत्येक उन्हाळ्यात, प्रत्येक दुपारी आय बादली घेऊन जायची. आम्ही ते बघतच वाढलो, इतके की आम्हाला ते दिसेनासं झालं होतं. घरातल्या चुलीचा धूर दिसत नाही तसं.

त्या पंधरा दिवसांत दुपारी दादा मानपाड्याला होता, मी कल्याणला, बाबा आणि धाकूकाका दुसऱ्या कुणाच्या तरी होडीवर. काठावर एकटी आय. ती ताडपत्रीचा कोपरा उचलायची आणि फळ्यांना पाणी पाजायची. त्या वर्षी जास्तच, कारण त्यांच्यावर तिच्या मुलाचं काम बसणार होतं. फळ्या भरलेल्या असाव्यात, फट राहू नये, म्हणून. मग ताडपत्री पुन्हा नीट, चारी बाजूंनी दगड ठेवून, जशी होती तशी.

रविवारी दादा सकाळी आला. ताडपत्री काढली. वैशाखातलं ऊन, वरचा पृष्ठभाग सकाळपर्यंत सुकून पांढरा पडलेला. त्यानं हात फिरवला, नखानं टोकलं, समाधानानं मान हलवली. लाकूड आत किती ओलं आहे हे हाताला कळत नाही. त्यानं काचेच्या तंतूंची मॅट पसरली, रेझिनच्या चिकट रसात तो घट्ट करणारा हार्डनर मिसळला, ब्रशनं थर चढवायला सुरुवात केली. त्या वासानं धाकूकाका नाक धरून लांब बसला. बाबा मात्र जवळ बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "मना दे जरा." दादानं ब्रश दिला. बाबांनी नाळेपाशी, होडीच्या पुढच्या टोकाला, एक हात मारला. "असा?" "असाच." आय थोड्या अंतरावर उभी राहून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलेलं नाही.

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली. निळ्या फळ्या चकचकीत. सगळा पाडा बघायला आला. धाकूकाकानं नळ कुठाय म्हणून विचारलं. बाबा त्याला म्हणाले, "माज्या पोरानं केलंय, गप रव."

गणपती गेल्यावर थोड्या दिवसांनी एके सकाळी धाकूकाका पळत घरी आला.

घडलं ते असं. बाबा फळ्यांवर उभे राहून जाळं ओढत होते. खणाच्या कडेपाशी निळा थर लाकडापासून सुटून आत पाणी साठलं होतं, वरून फक्त जरासा फुगवटा. बाबांना तो पायाखाली कळला नाही. भाराखाली फुगवटा फुटला, थर पापडीसारखा घसरला आणि त्यांच्यासकट खणात गेला. खुब्याचं हाड मोडलं.

मी कल्याणहून थेट दवाखान्यात गेले. दादा मानपाड्याहून आधी होडीवर गेला, सुटलेला थर सुरीनं कापून पाहिला, आणि मग दवाखान्यात आला. हातात निळा तुकडा होता. बाबांच्या खाटेपाशी उभा राहून त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "माझं चुकलं. हार्डनर कमी पडला. मी घाईत होतो."

बाबा छताकडे बघत होते. "घाईत," ते म्हणाले.

"हो."

"बापाच्या पायाखालचं काम, आनि घाईत."

दादानं तुकडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"टाकी आसती तर गिऱ्हाइकानं परत केली आसती. मी कोनाला परत करू रं ह्यो पाय?" बाबांचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "घरात येऊ नको. मना तुजं तोंड बगायचं नाय."

आय मध्ये पडली, रडली, धाकूकाकानं समजावलं. दादा निघाला. जाताना तो तुकडा त्यानं खिडकीत ठेवला आणि तिथेच विसरला. मी तो उचलला.

मला त्या तुकड्यात काहीतरी पटत नव्हतं. हार्डनर कमी पडला तर रेझिन पुरतं घट्ट होत नाही, चिकट राहतं, नखानं ओरखडतं. हा तुकडा काचेसारखा वाजत होता. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी त्याच्यावर अ‍ॅसिटोनचे थेंब टाकले. कच्चं रेझिन अ‍ॅसिटोननं मऊ पडतं, बोटाला चिकटतं. थांबून बोट लावलं. काही नाही. कोपरा तोडून तिथे लावलं. काही नाही. मग मी तुकडा उलटा केला. थर नीट धरून असता, तर सुटताना लाकडाचे धागे सोबत घेऊन आला असता. खालची बाजू गुळगुळीत होती, एकही धागा नाही, आणि कडेला काळसर बुरशी.

माल बरोबर होता. काम बरोबर होतं. लाकूड ओलं होतं.

मी संध्याकाळी मानपाड्याला गेले. शेडच्या बाहेर टाक्या रांगेनं उलट्या ठेवलेल्या. दादा त्यातल्याच एकीला टेकून बसला होता.

"हार्डनर बरोबर होता," मी म्हणाले.

"कोण बोललं?"

"अ‍ॅसिटोन."

तो हसला. "च्यायला, बहिणीला शिकवलं की हे असं होतं."

"लाकूड ओलं होतं, दादा. तू सुकायला ठेवलेलंस. मग ओलं कसं?"

त्यानं टाकीवरची धूळ तळव्यानं पुसली. मग म्हणाला, "मी होडीवर गेलो ना त्या दिवशी, थर उचलून बघितला. खालून आरशासारखा. तेव्हाच कळलं पाणी आहे. वर बघतो तर आय बादली घेऊन आलेली. बाबाला दवाखान्यात पोचवून, कपडे घ्यायला म्हणून ती घरी आलेली, आणि होडी वर ओढलेली दिसली म्हणून तेवढ्यात पाणी घालायला आली. मला बोलली, 'पंढरी, बग रं, मी तुजं फायबर लावायच्या आदी पन रोज पाजलं, ताडपत्री उचलून उचलून, तरी अशा कशा फाटल्या?'"

बाहेर रस्त्यावरून टेम्पो गेला.

"बाबांना सांगू आपण," मी म्हणाले. "हळूच. फक्त त्यांना."

"बाबाला सांगितलं की तिला कळलं. तो एकदा तरी रागात बोलणार. मग?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कान्ह्याला उन्हात नेलेलं, ते ती अजून उगाळते. त्यात तर तिचा काही संबंध पण नव्हता. यात आहे, शके. हे खरं आहे. डॉक्टर येऊन सांगणार नाही की तुझा काही दोष नाही. ती जेवायची नाही. आणि या वेळी कोंबायला आजी नाही."

"आणि तू?"

"माझ्यावर राहू दे. मी तरुण आहे. माझ्यावर टिकेल." मग उठून पँट झटकली. "एक एजंट आहे. शारजाला होड्याच बनवतात म्हणे, अख्ख्या फायबरच्या. बघू."

मी त्याला वचन दिलं. मला त्याच्या म्हणण्यात चूक सापडेना. मी परतताना बसमध्ये ते पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. खरं सांगितलं तर दादा घरी येतो आणि आय जाते. नाही सांगितलं तर आय राहते, दादा जातो. तिसरा मार्ग असायला हवा असं वाटत राहिलं. बस कोपरीजवळ आली तरी तो सापडला नाही.

बाबा दिवाळीच्या सुमारास घरी आले. काठी घेऊन ओट्यापर्यंत जाता यायचं. होडी काठावरच होती. धाकूकाका दुसऱ्या होडीवर जायला लागला होता, पण रोज येऊन बसायचा. एके दुपारी तो आला, तेव्हा मी सुट्टी म्हणून घरीच होते. आय दारात बोय खवलत बसली होती.

"त्या पंढरीनं," धाकूकाका म्हणाला, "टाकीचा माल होरीला लावला बग. उरल्यासुरल्यातला."

आयची सुरी थांबली. "माज्या पोराला बोलू नको भावजी. त्येनं मन लावून केलं."

"मंग फाटलं कसं वहिनी?"

"त्येच तर मना कलत नाय. मी फल्यांना रोज पानी पाजलं. ताडपत्री टाकलेली ना त्येनं, तरी मी कोपरा उचलून पाजायची. यक दिवस चुकवला नाय. फल्या कशा टम्म भरलेल्या. तरी कशा सुटल्या?"

धाकूकाकाच्या काही लक्षात आलं नाही. तो म्हणाला, "वहिनी, तुजं पानी काय करल, माल खराब तर."

ओट्यावर टेकलेले बाबा मात्र सरळ होऊन बसले. मी त्यांना बसताना पाहिलं. मला वाटतं, त्यांना दादाचं "लाकूड सुकायला हवं" आठवलं असणार. त्यांनी आयकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"शके," ते म्हणाले. "खालचं लाकूर वल्लं आसलं तर फायबर धरतं का गो?"

आय वर बघत होती. हातात अर्धी खवललेली बोय, बोटांना चमकणारे खवले. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"धरतं बाबा," मी म्हणाले. "पाण्यानं काही फरक पडत नाही. दादाचा हार्डनरच कमी होता."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मला एरवी साधं काही विचारलं तरी मी थांबते, विचार करते, "म्हणजे कसं आहे" म्हणून सुरुवात करते. या वेळी मी थांबले नव्हते.

"बगा," आय म्हणाली. "पान्यानं कदी काय वायट होत नाय." आणि पुन्हा खवलायला लागली.

दोन दिवसांनी बाबा म्हणाले, "मना मानपाड्याला ने." आयला वाटलं, राग गेला. तिनं डब्यात कोळंबीचं कालवण भरलं, त्यावर तांदळाच्या भाकऱ्या, आणि फडक्यात बांधून दिलं. बाबांना रिक्षात बसवायला धाकूकाका आला, मग एसटीत चढवायला कंडक्टरनं हात दिला. सगळा रस्ता बाबा डबा मांडीवर धरून बसले. मधे एकदाच म्हणाले, "सांडत तर नाय ना गो?"

शेडमध्ये दादा नव्हता. बाळ म्हणून त्याच्याबरोबर काम करणारा एक जण होता, तो बाहेर आला. "पंढरी? तो गेला ना शारजाला. गेल्या आठवड्यात फ्लाइट. तुम्हाला नाही बोलला?"

बाबांनी काठीवरचा हात बदलला. मला दादानं सांगितलं नव्हतं. मी बाबांना बसायला स्टूल मागितलं. बाळनं एक उलटी टाकी ओढून दिली, बाबा तिच्यावर बसले. बाळ परत कामाला लागला. एका लाकडी साच्यावर तो कपडा फिरवत होता, पुन्हा पुन्हा, मग तो कपडा उन्हाकडे धरून ओल बघत होता.

बाबा त्याच्याकडे बघत होते. "कोरडं लागतं का रं?" त्यांनी विचारलं.

"एकदम कोरडं काका. लाकूड ओलं असलं तर काम गेलंच समजा. वरून कळत नाही, आणि नंतर सुटतं." तो हसला. "पंढरी तर आमच्यावर ओरडायचा. म्हणायचा, साल्यांनो, घाम पण पाडू नका वर."

बाबांनी मांडीवरच्या डब्याचं फडकं सारखं केलं. मग त्यांनी डबा बाळला दिला. "खा रं. आयनं दिलंय." बाळनं नाही नाही म्हणत घेतला. बाबा त्याला म्हणाले, "त्येच्या हातची कायतरी वस्तू हाय का हितं?" बाळनं इकडेतिकडे पाहिलं आणि बाबा बसले होते त्या टाकीकडे बोट केलं.

बाबांनी खाली वाकून टाकीवर हात ठेवला. तळव्यानं, जसा होडीच्या अंगावर ठेवायचे तसा. मग मला म्हणाले, "चल."

परतीच्या एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कल्याणच्या पुढे कुठेतरी त्यांनी तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशीचं तुजं उत्तर, शके. बरोबर होतं."

मी त्यांच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"दुसऱ्या कोनी इचारलं तरी त्येच सांग."

आय दारात उभी होती. रिक्षा थांबायच्या आत पुढे आली. "भेटला?"

"भेटला," बाबा म्हणाले.

"बरा हाय? जेवला?"

"डबा दिला. सगला खाल्ला." ते खरंच होतं, खाणारा दुसरा होता एवढंच. "परदेशी चाललाय. होऱ्या बनवायला. मोठी नोकरी. येल मंग."

"तुमी बोललात ना त्येच्याशी? नीट बोललात ना?"

"बोललो."

"काय म्हनला?"

बाबांनी काठी भिंतीला टेकवली. ती घसरली, मी धरली. "म्हनला, आयला सांग, फल्या तू चांगल्या संबाललेल्या."

आय रडायला लागली आणि हसायलाही. पदरानं तोंड झाकून आत गेली.

दादाचा पत्ता मी त्यानंतर बाळकडून मिळवला. मी लिहिलं, बाबांना कळलं आहे, ये. त्याचं उत्तर आलं ते आयच्या नावानं, खुशालीचं. दोन वर्षांचं काँट्रॅक्ट आहे, तिथे मासे मोठे मिळतात, पण चव नाही. पुढच्या उन्हाळ्यात, रविवारी सकाळी झोपेतच बाबा गेले. दादाला तार केली. त्याला सुटता आलं नाही.

पण ते नंतरचं. मानपाड्याहून आलो त्या दुपारी बाबा आत गेलेच नाहीत. काठी टेकत ते काठावर गेले आणि होडीपाशी उलट्या टोपलीवर बसले. होडी आता कुणी पाण्यात नेणार नव्हतं. निळा थर धाकूकाकानं ओरबाडून काढला होता. खालच्या फळ्या काळ्या पडून मधे खचल्या होत्या, त्यांत पाय ठेवायचीही सोय नव्हती.

थोड्या वेळानं आय तोंड धुऊन आली, हातात बादली. खाडीत वाकून भरली आणि नेहमीसारखी एका टोकापासून सुरुवात केली. ओंजळीनं, मग बादली तिरकी करून. पाणी कुजक्या लाकडात नुसतं जिरत होतं आणि खालून वाळूत गळत होतं.

मला वाटलं, बाबा आता तिला थांबवतील. त्यांनी तोंड उघडलं. मी काठावर उभी होते, तिथपर्यंत ऐकू आलं.

"तिकडं नालेपाशी पन घाल गो," ते म्हणाले. "तिकडं सुकलीय."